भट्टीची मळी, बांधकामाचे सिमेंट

झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून टाकतात. वितळलेले लोखंड तळाशी साचते आणि खनिजातली सिलिका, अ‍ॅल्युमिना वगैरे द्रव्ये चुन्याशी संयोग पावून त्यावर तरंगतात. ही मळी, म्हणजेच स्लॅग. भारतात टनभर लोखंडामागे ती साधारण ३०० ते ४०० किलो निघते.

तिची किंमत ठरते ती थंड करण्याच्या पद्धतीवर. सुमारे १५०० अंश सेल्सियसचा हा रस खड्ड्यात सावकाश निवू दिला, तर स्फटिक बनून त्याचा दगड होतो. तो फोडून खडी मिळते. त्याच रसावर पाण्याचे जोरदार फवारे मारले, तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि वाळूसारखे काचमय दाणे तयार होतात. या दाण्यांत सिमेंटचा गुण सुप्त असतो. नुसत्या पाण्याने तो फारसा जागा होत नाही, चुन्याची सोबत लागते. जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये हे ओळखले. साधे सिमेंट पाण्यात भिजताना चुना सोडतेच; म्हणून दाण्यांची बारीक पूड त्यात मिसळली की काम होते. भारतीय मानक ४५५ नुसार स्लॅग सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के चालते.

यातला मोठा लाभ हवेचा आहे. सिमेंटचा क्लिंकर भाजताना चुनखडीतून आणि इंधनातून मिळून टनामागे सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मळी भट्टीत एकदा भाजून निघालेलीच असते. ती फक्त वाळवून दळायची. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद कारखान्याजवळच असे सिमेंट बनते.

पोलाद शुद्ध करताना निघणारी मळी मात्र हट्टी. तिच्यातला मोकळा चुना ओलाव्याने फुगतो आणि वरचा रस्ता उचलला जातो. त्यामुळे चुंबकाने लोखंड वेचून ती महिनोन्महिने उघड्यावर भिजवत ठेवतात किंवा वाफ देतात. सुरतजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मळीचा सहापदरी रस्ता झाला. डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच शहाणपणाचा.

स्लॅग सिमेंटची ताकद सुरुवातीला हळू वाढते, म्हणून बांधकामावर पाणी अधिक दिवस मारावे लागते. पुढे ते घट्ट होते आणि खारे पाणी सळयांपर्यंत सहज पोहोचू देत नाही. कोकण किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यांनी ते जरूर विचारात घ्यावे.