फीत, स्वरलिपी आणि लूप

संगणकावर ध्वनिमुद्रण, संपादन, संगीतरचना आणि मिक्सिंग ही चारही कामे एकाच ठिकाणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. अशा सॉफ्टवेअरपैकी कोणाचा आवाज चांगला, हा वाद जुना आहे आणि तो एका सोप्या चाचणीने मिटतो. तेच ट्रॅक, त्याच पातळीवर, कोणताही इफेक्ट न लावता दोन सॉफ्टवेअरमध्ये मिसळावेत. एका मिश्रणाची लहर उलटी करून दोन्ही एकत्र वाजवावीत. डाव्या-उजव्या वाटणीचा नियम दोन्हीकडे सारखा ठेवला असेल, तर कानावर जवळजवळ शांतताच पडते. बेरीज दोघांचीही सारखीच असते. खरा फरक आहे तो काम करण्याच्या रीतीत. प्रत्येक सॉफ्टवेअर ज्या जुन्या साधनाच्या जागी आले, त्याच्या सवयी त्याने उचलल्या आहेत.

प्रो टूल्सचे मूळ फितीत आहे. कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन कंपनीने 1989 मध्ये साउंड टूल्स हे संपादनाचे साधन आणले आणि 1991 मध्ये चार ट्रॅकचे प्रो टूल्स. पुढे ही कंपनी अॅव्हिडकडे गेली. त्यातील ‘शफल’ पद्धतीत मधला तुकडा कापला की पुढचा भाग आपोआप सरकून जोडला जातो, अगदी ब्लेडने फीत कापून चिकटवावी तसा. ‘स्पॉट’ पद्धतीत आवाज नेमक्या टाइमकोडवर बसवता येतो, म्हणून चित्रपटांच्या ध्वनिकामात हे सॉफ्टवेअर रुजले. 2010 पर्यंत ते ठरावीक हार्डवेअरशी बांधलेले होते. नवव्या आवृत्तीने ती अट काढून टाकली.

क्यूबेस आणि लॉजिक यांचे मूळ स्वरलिपीत आहे. दोन्ही जर्मनीत जन्मली. 1983 मध्ये मिडी हे मानक आले. त्यातून प्रत्यक्ष आवाज जात नाही, तर कोणता स्वर केव्हा, किती जोराने आणि किती वेळ दाबला याची नोंद जाते. अटारी एसटी संगणकाला मिडीची जोडणी मुळातच होती. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने 1989 मध्ये त्यावर क्यूबेस आणले, आणि 1996 मध्ये व्हीएसटी हे मानक. त्यामुळे इतर कंपन्यांना क्यूबेससाठी इफेक्ट आणि नंतर वाद्ये बनवता येऊ लागली. पुढे बहुतेक सॉफ्टवेअरनी ते स्वीकारले. लॉजिक हे नोटेटर या जुन्या स्वरलिपी-सॉफ्टवेअरचे वारस, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी छापण्याची सोय त्याच्या रक्तातच होती. 2002 मध्ये अॅपलने लॉजिक बनवणारी एमॅजिक ही कंपनी विकत घेतली, विंडोजची आवृत्ती थांबली आणि लॉजिक मॅकपुरते उरले. वाद्यवृंदाची रचना करणाऱ्याला ही दोन्ही सोयीची पडतात.

तिसरे घराणे लूपचे. बर्लिनच्या एबल्टनने 2001 मध्ये लाइव्ह आणले. त्याच्या सेशन दृश्यात गाणे आडव्या काळरेषेवर न मांडता चौकटींत ठेवलेले असते. चौकट दाबली तरी ती लगेच वाजत नाही. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत थांबते आणि समेवर सुरू होते. म्हणून ते मंचावर वाद्यासारखे वापरता येते. बेल्जियमचे एफएल स्टुडिओ सोळा घरांच्या ताल-पट्टीपासून वाढले. ते एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. या तिन्ही घराण्यांबाहेरचे रीपर हे विनॅम्पच्या निर्मात्याने बनवलेले आहे. आकाराने लहान, वैयक्तिक परवाना 60 डॉलर, आणि मेनूपासून शॉर्टकटपर्यंत सगळे हवे तसे बदलता येणारे.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणे ही तक्रार मात्र सगळीकडे सारखीच आहे. सेकंदाला 44,100 नमुने घेताना बफर, म्हणजे नमुन्यांचा तात्पुरता साठा, 128 नमुन्यांचा ठेवला, तर एका दिशेने सुमारे 3 मिलिसेकंद उशीर होतो. 1,024 ठेवला तर 23. म्हणून मुद्रणावेळी बफर लहान ठेवतात आणि मिक्सिंगच्या वेळी मोठा. यात सॉफ्टवेअरपेक्षा ऑडिओ इंटरफेस आणि त्याचा ड्रायव्हर जास्त महत्त्वाचे.

भारतीय संगीतासाठी तुलनेचे निकष वेगळे लागतात. झपताल हवा असेल तर आवर्तन दहा मात्रांचे ठरवून क्लिकचा ठोका समेवर घेता येतो. पण लावणीत ढोलकीची लय चढत जाते, तेव्हा क्लिकशिवाय वाजवून घ्यावे आणि मागाहून वादनावरून लयीचा नकाशा काढावा, हे बरे. ही सोय लॉजिक, क्यूबेस आणि लाइव्हमध्ये चांगली आहे. स्वरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लॉजिकचे फ्लेक्स पिच आणि क्यूबेसचे व्हॅरिऑडिओ गळ्याचा स्वर पडद्यावर वळणावळणाच्या रेषेने दाखवतात. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार तेथे लाटेसारखा दिसतो. स्वर ‘दुरुस्त’ करण्याची आज्ञा पूर्ण जोराने दिली, तर ती लाट जवळच्या अर्धस्वरावर सपाट होते, आणि रागाची ओळखच पुसली जाते. म्हणून अशा जागी यंत्राचा हात आवरता ठेवावा लागतो.

एका सॉफ्टवेअरचा प्रकल्प सहसा दुसऱ्यात उघडत नाही. देवाणघेवाणीसाठी प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढून देण्याची प्रथा आहे. असे केले, की एकाने लाइव्हमध्ये रचलेले गाणे दुसरा प्रो टूल्समध्ये बिनचूक मिसळू शकतो. निवड करताना आधी काम पाहावे: चित्रपटाचा ध्वनी आणि मोठी मुद्रणे असतील तर प्रो टूल्स, रचना असेल तर क्यूबेस किंवा लॉजिक, मंच आणि ताल-प्रयोग असतील तर लाइव्ह किंवा एफएल, आणि खर्च कमी ठेवून सगळेच करायचे असेल तर रीपर.