भेगा न पडताही झिजणारा पट्टा

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून कर्कश आवाज येतो आणि मिनिटभरात थांबतो. बहुतेक वेळा ओरडत असतो तो ड्राइव्ह बेल्ट. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून जोर घेऊन तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही फिरवतो. तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो. पंप त्याच्यावरच असेल तर तापमानही चढतं; मग ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणू नये, इंजिन तिथेच बंद करावं.

पूर्वीचे निओप्रीनचे पट्टे जुने झाले की तडकत. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो. म्हणून ‘भेगा नाहीत, चालेल अजून’ हा निवाडा फसवा. खाच तपासायचं छोटं प्लॅस्टिकचं गेज मिळतं, ते वापरावं.

बदलताना इंजिन थंड हवं. आधी पट्ट्याच्या मार्गाचा फोटो काढावा (हे सगळे विसरतात), मग पान्याने टेन्शनर फिरवून पट्टा सैल करावा. जुना निघाला की टेन्शनरची आणि आयडलरची पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. नुसता नवा पट्टा चढवून आवाज जाणार नाही. पट्ट्यावर ऑइल गळत असेल तर आधी ती गळती थांबवावी. आवाज दाबणारे स्प्रे मात्र माझ्या मते पैसे वाया घालवणं आहे.

टायमिंग बेल्ट वेगळा. त्याला घरी हात लावू नये.