चाक, पाटा आणि पाऊण इंच

रस्ता सोडून रानात शिरणाऱ्या मोटारीची पारख करावयाची वेळ आली म्हणजे सामान्य मनुष्याची दृष्टी प्रथम तिच्या उंचीवर खिळते, आणि मालकही बहुधा त्याच दृष्टीचा धनी असल्यामुळे, हाती चार पैसे खेळू लागताच गाडी चार बोटे वर कशी उचलता येईल या विवंचनेत पडतो. वास्तविक उंचीचे दोन निरनिराळे प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे या छंदात जितका पैसा वाया जातो तितका अन्य कोणत्याही कारणाने जात नसावा. सांगाडा जमिनीपासून किती वर आहे ही एक उंची. आणि मागच्या अखंड आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलचा जो ओतीव लोखंडी गोळा असतो, तो जमिनीपासून किती वर आहे ही दुसरी. पाटे, स्प्रिंग, शॅकल यांची कितीही उस्तवारी केली तरी वाढते ती पहिली उंची. दुसरी वाढविणे केवळ टायरच्या हाती आहे, कारण तो गोळा स्प्रिंगांवर टांगलेला नसून चाकांच्या आधाराने उभा असतो.

मुळशीच्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात हे सारे मी जवळून पाहिले. माझ्या एका स्नेह्याची थार, २०१० साली बाजारात आलेल्या पिढीतील, तेथे उभी होती. पुढील चाके स्वतंत्र आणि टॉर्शन बारवर तोललेली, मागे अखंड आस आणि पाटे, अशी या गाडीची मिश्र घडण. स्नेह्याच्या मनात तीन इंच उंची आणि खोल खाचांचे चिखली टायर असा बेत पक्का होता. मिस्त्री वयाने साठीच्या घरातले, बोलणे मोजके. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही.

“साहेब, गाडी कुठं कुठं जाते ते आधी सांगा. उंचीचं मग बघू.”

स्नेह्याने सांगितले: पावसाळ्यात ताम्हिणी, वेल्ह्याकडचे गाडीरस्ते, कधी वरंध घाटाने खाली महाडपर्यंत, हिवाळ्यात सोलापूरकडे सासुरवाडी, एरवी ऑफिस. मिस्त्रींनी ऑफिस हा शब्द ऐकून मान हलविली. पुढचा सारा निर्णय बहुतेक त्याच एका शब्दावर झाला, असे मला वाटते.

टायरची निवड ही मुळात मातीची निवड आहे, आणि आपल्या मुलखात माती एका जातीची नाही. घाटमाथ्यावर वरचा चिखल पातळ असतो आणि त्याच्या खाली मुरूम किंवा काळा बेसॉल्ट टणकपणे पसरलेला असतो. तेथे अरुंद टायर वरचा राडा कापून तळापर्यंत पोचतो आणि पकड घेतो. माझगावला १९४९ पासून जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपांची चाके ६.०० × १६ मापाची, आजच्या डोळ्यांना केविलवाणी वाटावीत इतकी बारीक होती. तरीही पुढे कित्येक वर्षे त्या वंशातील जीपगाड्या सरकारी खात्यांच्या सेवेत डोंगरवाटा तुडवीत राहिल्या, यात ह्या बारीकपणाचा वाटा थोडा नसावा. उलट सोलापूरकडची काळी माती ओली झाली म्हणजे तिला जवळपास तळच उरत नाही. ती फुगते, चिकटते, चाकाच्या खाचा बुजवून टाकते, आणि मग मूळची नक्षी कशी होती याला काही अर्थ राहात नाही. तेथे रुंद टायर आणि कमी हवा यांचा काही उपयोग होतो. अधिक उपयोग होतो तो पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस त्या वाटेला न जाण्याचा. कोकणातील जांभ्यावर गोष्ट आणखी निराळी. तो खडबडीत दगड रबराला कानशीप्रमाणे झिजवितो.

बाजारात या टायरांचे ढोबळमानाने तीन वर्ग मानले जातात: हायवे टेरेन, ऑल टेरेन आणि मड टेरेन, गॅरेजच्या भाषेत एच.टी., ए.टी. आणि एम.टी. मड टेरेनच्या गठ्ठ्यांमधील खोल, मोकळ्या खाचा चाक वेगाने फिरताच चिखल बाहेर फेकून देतात, ही त्यांची खरी करामत. परंतु त्याच मोठ्या, कठीण गठ्ठ्यांवर बारीक चिरा थोड्या असतात, आणि ओल्या डांबरावर किंवा शेवाळलेल्या कातळावर पकड देण्याचे काम त्या चिरांचेच असते. ताम्हिणीत श्रावणातल्या पावसात ब्रेक दाबावा लागतो तो डांबरी वळणावर. शेतातल्या खाचरात नव्हे. जो टायर वर्षाकाठी दोनचार वेळा चिखलातून सोडवील पण उरलेले सर्व दिवस गुणगुणत, डिझेल पीत आणि ओल्या रस्त्यावर लांब घसरत चालेल, तो पराक्रमी दिसतो यापलीकडे त्याची शिफारस करण्यासारखे काही नाही. मिस्त्रींनी ऑल टेरेनवर बोट ठेवले. स्नेह्याचा चेहरा किंचित उतरला.

मापाचा हिशेब मात्र त्यांनी पाटीवर खडूने करून दाखविला. मूळ टायर २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ७० टक्के, आणि आतली रिम १६ इंची. याचा एकूण व्यास भरतो सुमारे ७३५ मिलिमीटर. २०२० च्या नव्या थारच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच २४५/७५ आर १६ हे माप मिळते. त्याचा व्यास सुमारे ७७४. फरक ३९ मिलिमीटरांचा, पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे गोळा वर जातो तो त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे पाऊण इंच. या पाऊण इंचासाठी काय मोजावे लागते तेही पाटीवर आले: चाक पाच टक्क्यांनी मोठे झाले, म्हणून स्पीडोमीटर ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल, प्रत्येक गिअर तितकाच लांबेल, म्हणून चढावर रांगण्याची ताकद घटेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर टायर आत घासतो किंवा कसे, हे प्रत्यक्ष बसवूनच पाहावे लागेल. तरी मला तो पाऊण इंच खरा वाटतो. गॅरेजाबाहेर उभ्या असलेल्या, शिडी लावून चढावे लागेल अशा गाड्यांच्या उंचीपेक्षा कितीतरी अधिक खरा.

टायरच्या भिंतीवरचा मजकूर म्हणजे एक छोटे सरकारी दप्तरच असते, आणि तो वाचण्याचे कष्ट घेणारे गिऱ्हाईक विरळा. मापापुढचा १११ हा आकडा सांगतो की एका चाकावर १०९० किलोपर्यंत भार चालेल. त्यापुढचे अक्षर वेगाची मर्यादा, ‘क्यू’ असेल तर ताशी १६०, ‘एस’ असेल तर १८०. एका कोपऱ्यात चार आकडे असतात; २३१९ असे असतील तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर दुकानातल्या मांडणीवरही म्हातारे होते, म्हणून हे चार आकडे किमतीच्या आधी पाहावेत. जड मालवाहू गाड्यांसाठी घडविलेला, १२० भारांकाचा टायर अधिक मजबूत असतो हे खरे, परंतु त्याची जाड भिंत हलक्या जीपच्या वजनाने वाकत नाही, आणि न वाकणारी भिंत खडकावर पकड देण्याऐवजी प्रवाशांची हाडे मोजते.

आता उंचीचा प्रश्न. पुढील टॉर्शन बार ही एक लांब पोलादी सळई. ओला पंचा पिळावा तशी ती पिळली जाते आणि त्या पिळातून गाडीचे वजन तोलते. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर उठते, आणि या कामाला खर्च जवळपास शून्य असल्याने ते गल्लोगल्ली केले जाते. पण नाक उठल्यावर चाक खाली लोंबण्याची मुभा तितकीच कमी होते, आसांचे सांधे तिरपे पडून लवकर झिजतात, आणि खड्ड्यात चाक हवेत लटकते, जेथे त्याचा काडीचा उपयोग नाही. मागील बाजूस पाटा सांगाड्याशी जोडणारे शॅकल लांब लावण्याची युक्ती अशीच फसवी: शॅकल दोन इंच लांब केले तर गाडी वर येते ती एकच इंच, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही; शिवाय त्यामुळे डिफरन्शियलचे तोंड फिरते आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातून थरथर सुरू होते. जादा पाटा घातला तर उंची टिकते, पण पाटे ताठर होतात. भार वाहणाऱ्याला ते मानवेल, मोकळी गाडी हाकणाऱ्याला नाही.

मिस्त्रींनी पाटे उतरविले तेव्हा पानांच्या मधल्या जागेत गंज आणि सुकलेला चिखल घट्ट बसला होता. पाने एकमेकांवर सरकली तरच पाटा वाकतो. येथे तर ती जणू एकजीव झाली होती. बुश फुटले होते, आणि शॉकअपमधले तेल गळून दांडा हाताने सहज आतबाहेर होत होता. तीन इंचांची जी भूक स्नेह्याला लागली होती, तिचे मूळ बहुतांशी ह्या थकलेल्या भागांत होते. पाने घासून, ग्रीस लावून, नवे बुश आणि वायूभारित शॉकअप बसविल्यावर गाडी आपणहून मूळ उंचीला आली. उखडलेल्या रस्त्यावर लांबवर वेगाने चालताना शॉकअपातले तेल तापून फेसाळते आणि त्याचे दमन निकामी होते. आतील नायट्रोजनच्या दाबामुळे ते फेसाळणे लांबते, एवढ्यासाठी तो जादा खर्च मान्य झाला. एक इंचाहून अधिक वाढ मिस्त्रींनी नाकारली, आणि त्याला तांत्रिक कारणाइतकेच कायदेशीर कारणही दिले: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी तफावत पडेल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेने निर्णय दिला. अपघातानंतर विम्याच्या दप्तरात असली हरकत उभी राहिली तर तिचे निवारण गॅरेजात होत नसते.

सर्वांत स्वस्त सुधारणा शेवटी आली: एक भरवशाचा हवामापक आणि बारा व्होल्टवर चालणारा लहान पंप. थंड टायरात डांबरी रस्त्यावर जी हवा ठेवावी, ती खडकाळ वाटेवर शिरताना अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवावी, वाळूत आणखी थोडी. टायर रुंदीपेक्षा लांबीने अधिक पसरतो, आणि दगडावर न उसळता त्याला लपेटतो. परत रस्त्यावर येताच हवा भरावी, नाहीतर वाकणारी भिंत तापून फाटते.

बिल होत आले तेव्हा स्नेह्याने चार टायरांचे पैसे काढले, पाचवा जुनाच पाठीवर लटकू द्यावा म्हणून. मिस्त्री हसले. या गाडीत चारचाकी जोड घातल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो; एक चाक पाच टक्के लहान निघाले तर टणक रस्त्यावर सारा ताण गिअरपेटीत साठतो. दुकानदाराकडे त्या मापाचे चारच एका आठवड्याचे होते. पाचवा तीन आठवड्यांनी जुना निघाला. तेवढ्यावरून स्नेह्याने दोनशे रुपये कमी करून घेतले, आणि यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घेण्याची तारीख मिस्त्रींच्या वहीत लिहिली गेली.