दुखत नाही ती जखम आधी दाखवा



या पत्रिकेत आपण नेहमी बियाणे, खते आणि रोग-किडींविषयी बोलतो. आज पायाविषयी बोलायचे आहे. कृषी खात्याच्या माणसाने हे का सांगावे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

मराठवाड्यातल्या एका गावात मी एका वयस्कर शेतकऱ्याच्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी पाहायला गेलो होतो. त्यांच्या पायाला फडके गुंडाळलेले होते. विचारले तर म्हणाले, "काही नाही साहेब, ज्वारीचं धसकट लागलंय. दुखतबिखत नाही. हळद-चुना भरलाय." त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, हे मला ठाऊक होते. तरी मी बोंडे फोडून पाहिली, फवारणी सांगितली आणि परतलो. दीड महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा त्यांचा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. मी अळी पाहिली, पाय पाहिला नाही. "दुखत नाही" हे ऐकून ते निर्धास्त राहिले आणि मीही राहिलो. तिथेच चूक झाली.

जखम भरत का नाही?

पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. वरून कितीही खत टाका, तो वाफा सुकतोच. मधुमेहात रक्तवाहिन्या अशाच अरुंद होतात आणि आपल्या शरीरातला शेवटचा वाफा म्हणजे पाय. रक्त कमी पोचले की जखम भरायला लागणारा माल पोचत नाही. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळत नाही. दुखणे हा शरीराचा राखणदार आहे. राखणदार झोपला की शेतात गुरे शिरली तरी ओरड होत नाही.

डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि तिथे कुष्ठरुग्णांवर उपचार करू लागले. रुग्णांची बोटे झडतात ती मुख्यतः बधिरपणामुळे होणाऱ्या, न कळलेल्या इजांनी, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी हाच धडा मधुमेही रुग्णांच्या पायांना लावला. म्हणून मधुमेही माणसाने एक गोष्ट मनात पक्की करावी : दुखणाऱ्या जखमेपेक्षा न दुखणाऱ्या जखमेची काळजी जास्त.

जखम दिसली तर काय करावे?

१. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवा. स्वच्छ कोरडी पट्टी सैलसर बांधा.

२. हळद, चुना, राख, तंबाखू, शेण, रॉकेल यांतले काहीही भरू नका. निखळ स्पिरिटही ओतू नका. गरम पाण्याने शेकू नका. बधिर पाय भाजतो आणि भाजल्याचे कळत नाही.

३. दुसऱ्या दिवसापर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

४. जखम काळी पडली, घाण वास येऊ लागला, सूज किंवा लाली वर चढू लागली, ताप-थंडी वाजून आली, तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

दवाखान्यात काय करतात?

डॉक्टर जखमेतला मेलेला भाग कापून काढतात. त्यानंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, त्याने घाबरू नका. सडलेली फांदी छाटल्याशिवाय नवी फूट येत नाही. पायाला रक्त नीट पोचते का, जंतू हाडापर्यंत गेलेत का, हेही तपासतात. जंतूंची बाधा असेल तर गोळ्या देतात. त्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुऱ्या घ्या, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. साखर आटोक्यात आणायला काही काळ इन्सुलिन सांगितले तर नाही म्हणू नका.

यापुढचा उपचार तुमच्या हातात आहे आणि तोच लोक सर्वांत जास्त मोडतात. तो म्हणजे पायावर भार न टाकणे. तळव्याच्या जखमेवर रात्रभरात जे कोवळे मांस धरते, ते सकाळी चार पावलांत चिरडते. नुकत्या लावलेल्या रोपावर कोणी रोज पाय देतो का? म्हणून डॉक्टर प्लास्टर किंवा खास चप्पल देतात. ती घरातही घालायची. "दुखत नाही, मग चाललो तर काय झालं?" असे म्हणू नका. पेरणी असो की काढणी, तेवढे दिवस काम दुसऱ्यावर सोपवा. चार आठवड्यांत जखम निम्म्याने कमी झाली नाही, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात तज्ज्ञाला दाखवा.

जखम होऊच नये म्हणून

• रोज संध्याकाळी पाय धुऊन उजेडात तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या माणसाला पाहायला सांगा.

• बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर त्याही दाखवा. जंतू तिथूनच शिरतात.

• अनवाणी शेतात जाऊ नका, घरातही नको. विंचवासाठी जोडा झटकतो तसाच खड्यासाठीही रोज झटका आणि आत हात फिरवून पाहा.

• कुरूप ब्लेडने कापू नका. नखे सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका.

• विडी-तंबाखू सोडा. त्याने रक्तवाहिन्या आणखी अरुंद होतात.

• वय तिशीपुढे असेल तर आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून खात्री करून घ्या. शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी करून घ्यावी.

बंधू-भगिनींनो, कपाशीचे पान आपण उलटून पाहतो, कारण कीड पानाखाली लपते. पायाचा तळवाही तसाच रोज उलटून पहा. त्या शेतकऱ्याचे शेत आता त्यांचा मुलगा करतो. ते बांधावर कुबडी टेकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी पाय दाखवायला सांगतात. मी गेलो की मलाही.