पैनगंगेचा पूर आणि दबोरेचे गीत



२०२२ च्या जुलै महिन्यात पैनगंगा पात्राबाहेर आली आणि आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील काठावरची कोवळी कपाशी गाळाखाली गेली. पुढील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वयस्क बाई माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "फादर, देवानं आमचा न्याय केला म्हणायचा का हा?" त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी जुन्या करारातील गीते पुन्हा वाचावयास घेतली.

'न्याय' म्हणताच आपल्या मनापुढे शिक्षा उभी राहते. 'शास्ते' या ग्रंथनामातही तोच धाक आहे. परंतु इब्री भाषेत त्या ग्रंथाचे नाव 'शोफतीम' असे आहे. शोफेत म्हणजे न्यायनिवाडा करणारा, आणि गांजलेल्यांचा कैवार घेऊन त्यांना सोडविणाराही तोच. न्याय व सुटका ही तेथे एकाच कृतीची दोन नावे होत. म्हणूनच अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रात परमेश्वर न्याय करावयास येतो, तेव्हा नद्या व डोंगर आनंद करतात. हे काव्य यमकावर चालत नाही. एका ओळीत सांगितलेले दुसरी ओळ निराळ्या शब्दांत पुन्हा सांगते. जात्यावर ओव्या म्हटलेल्या आपल्या आयाबायांना ही रीत परकी वाटणार नाही. फादर स्टीफन्स यांनी जुन्या कराराची कथा ओवीतच सांगितली. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले.

शास्ते ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील दबोरेचे गीत हे इब्री काव्यातील अतिप्राचीन मानले जाते. दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून निवाडे करी. सीसरा सेनापतीपाशी लोखंडाचे नऊशे रथ होते. इस्राएलाच्या चाळीस हजारांत ढाल वा भाला दिसत नव्हता. तेव्हा किशोन ओढ्यास पूर आला आणि शत्रू वाहून गेला. एकच पाणी सीसरास दंड ठरले, गरिबांस मुक्ती.

मग प्रत्येक पूर हा दंडच काय? तसे नव्हे. एकोणसत्तराव्या स्तोत्रात गळ्यापर्यंत पाणी आलेला, चिखलात रुतलेला माणूस धावा करतो. कवी त्याच्याच मुखाने बोलतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभू येशूनेही स्पष्ट सांगितले. न्यायाचे भय कोणी बाळगावे, हे आमोस संदेष्टा सांगतो. तो स्वतः मेंढपाळ होता. माप लहान करणारे, तराजूत लबाडी करणारे, जोड्याच्या मोलाने गरिबास विकत घेणारे, यांच्यावर त्याचा कोप आहे. कापूस विकावयास नेणाऱ्या माणसास याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

हे सारे मी त्या बाईंच्या ओसरीवर बसून सांगितले. गाळ उपसून झाला होता, बियाणे मात्र उसने आणावे लागणार होते. त्यांनी निमूटपणे ऐकले. दबोरेच्या गीताच्या अखेरीस सीसराची आई खिडकीशी उभी राहून मुलाच्या रथाची वाट पाहते, तो अजून का आला नाही म्हणून विचारते, एवढे सांगून मी थांबलो. कवीने ते उपहासाने लिहिले असावे. मला तेथे नेहमीच अडखळल्यासारखे होते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग त्या आईला कुणी सांगितलं हो, फादर?"

गीतात ते नाही, असे मी म्हणालो.