दोन ओळींतले आटे

जी७६ पी०१००६० क्यू५० आर०.०२
जी७६ एक्स१८.१६ झेड-२५.० पी९२० क्यू३५० एफ१.५

भोसरी, हडपसर, शिवणे किंवा चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये सीएनसी लेथच्या पडद्यावर अशा दोन ओळी सापडतात. दसऱ्याला घातलेली झेंडूची माळ दिवाळीपर्यंत सुकून जाते, मशीन मात्र तीन पाळ्यांत चालू असतं आणि या दोन ओळी दिवसात शेकडो वेळा वाचल्या जातात. अर्थ एवढाच, की वीस मिलिमीटर व्यासाच्या गोल सळईवर, पंचवीस मिलिमीटर लांबीपर्यंत, दीड मिलिमीटर पिचचे आटे पाड. किती कट घ्यायचे, प्रत्येक कट किती खोल, टूल कोणत्या कोनातून आत शिरणार, शेवटचा हात किती हलका, हे सगळं त्या आकड्यांत बसवलेलं आहे. ज्याला ते आकडे फोडून वाचता येत नाहीत, तो जुन्या प्रोग्रामची नक्कल करतो आणि मटेरियल किंवा पिच बदलला की अडतो. पुण्यात अशा नकला भरपूर चालतात.

हे आकडे आधी टर्नरच्या हातात होते. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी काढली. त्यानंतर पुण्याच्या आसपास कारखान्यांची रांग लागली. १९४६ मध्ये खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली, १९६० मध्ये दापोडीत कटिंग टूल बनवणारी सँडविक एशिया, १९६१ मध्ये मुंढव्याची भारत फोर्ज आणि १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडची टेल्को. या मोठ्या कारखान्यांना लागणारे बोल्ट, स्टड, बँजो, नोझल आणि पिना लहान शेडमध्ये होऊ लागल्या. तिथे आटे पाडणं म्हणजे टर्नरची परीक्षाच असे.

साध्या लेथवर आट्याचा पिच ठरतो तो दातांच्या चाकांनी. चकच्या एका फेऱ्यात टूल नेमकं एक पिच पुढे सरकलं पाहिजे, म्हणून स्पिंडल आणि लीडस्क्रू यांच्यामध्ये चाकं बदलावी लागतात. अनेक जुन्या लेथचा लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर पिचचा. त्यावर दीड मिलिमीटरचा पिच काढायचा तर गुणोत्तर ३० भागिले १२७ येतं. म्हणून कुठल्याही चांगल्या टर्नरकडे १२७ दातांचं चाक असायचंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७, इतकी सरळ गोष्ट. चाक लावलं तरी काम संपत नसे. इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडला की ताळमेळ सुटायची भीती, म्हणून तो न उघडता मोटर उलटी फिरवून टूल मागे न्यायचं आणि पुन्हा पुढे. शिवाय कंपाउंड स्लाइड सुमारे तीस अंशांवर तिरकी लावून टूल आट्याच्या एकाच बाजूने आत द्यायचं, म्हणजे चिप मोकळी सुटते आणि टूल दबत नाही. कधी थांबायचं हे कानाला कळे.

सीएनसीवर ती चाकं नाहीत. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलं. जपानच्या फुजित्सूमधून निघालेली फॅनक १९७२ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली आणि आज पुण्याच्या शॉपफ्लोअरवर बहुतेकांना तिचीच भाषा येते. लेथमध्ये स्पिंडलला एन्कोडर जोडलेला असतो. तो प्रत्येक फेऱ्यात एकदा खूण देतो. तबल्याच्या समेवर यावं तसं टूल या खुणेची वाट पाहतं आणि प्रत्येक कटला नेमकं त्याच कोनातून निघतं. म्हणूनच सातवा कट पहिल्या कटच्या खाचेतून जातो.

यातून दोन नियम निघतात. पहिला, आटे पाडताना जी९६ नव्हे, फेरे कायम ठेवणारं जी९७ लावायचं. जी९६ मध्ये कटिंग स्पीड कायम ठेवण्यासाठी व्यास घटेल तसे फेरे वाढतात. फेरे बदलले की अक्षाला वेग पकडायला होणारा उशीरही बदलतो आणि आटा सरकतो. दुसरा, टूल आट्याच्या थोडं आधीपासून सुटलं पाहिजे. १५०० फेऱ्यांवर दीड पिच म्हणजे मिनिटाला सव्वादोन मीटर फीड. शून्यापासून तेवढ्या वेगाला यायला जागा लागते. फॅनकच्या मॅन्युअलमधल्या सूत्राने ती इथे साडेचार मिलिमीटर येते. म्हणून जॉबच्या तोंडापुढे पाच मिलिमीटरवर टूल उभं करायचं. जागा कमी ठेवली तर पहिल्या दोन-तीन आट्यांचा पिच बारीक निघतो आणि नट अर्ध्यावर अडकतो.

नवशिक्या ऑपरेटरला आणखी एक धक्का बसतो. थ्रेडिंग चालू असताना फीडची चकती फिरवा, काही फरक पडत नाही. फीड होल्ड दाबा, साधारणपणे चालू कट संपल्याशिवाय टूल थांबत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. टूल मध्येच थांबलं तर आटाच मोडेल, म्हणून कंट्रोल ऐकत नाही. धोक्याच्या वेळी हात कुठे जायला हवा, हे पहिल्याच दिवशी सांगणारा सेटर चांगला.

आटे पाडायला फॅनकमध्ये तीन वाटा आहेत. जी३२ मध्ये एक कट म्हणजे चार हालचाली: आत, कट, बाहेर, परत. आठ कटांना बत्तीस ओळी. जी९२ मध्ये त्या चार हालचाली एका ओळीत येतात आणि पुढच्या ओळींत फक्त एक्सचा व्यास बदलायचा. जी७६ मध्ये सगळं दोन ओळींत. सीमेन्सच्या कंट्रोलवर हेच काम सायकल९७ किंवा सायकल९९ करते. तिथे रकान्यांत आकडे भरायचे.

आता वरच्या ओळी फोडू. आट्याची उंची पिचला ०.६१३४ ने गुणून येते: दीड पिचला ०.९२ मिलिमीटर. व्यासातून ती दोनदा वजा केली की २० चे १८.१६ राहतात, तो दुसऱ्या ओळीतला एक्स. पी९२० म्हणजे तीच उंची मायक्रॉनमध्ये, क्यू३५० म्हणजे पहिला कट ०.३५ मिलिमीटर. या पी आणि क्यूला दशांश चिन्ह चालत नाही, एफला चालतं, आणि या विसंगतीने जितके इन्सर्ट फोडले असतील तितके कठीण पोलादानेही फोडले नसतील. एक शून्य चुकलं की कट दसपट होतो.

पहिल्या ओळीतला सहा आकडी पी तीन जोड्यांनी वाचायचा. ०१ म्हणजे शेवटचा सफाईचा कट एक. ०० म्हणजे आट्याच्या शेवटी उतार नको, कारण तिथे टूलला बाहेर पडायला अंडरकटची खाच आहे. अंडरकट नसेल तर तिथे १० लिहून एका पिचभर तिरकं बाहेर पडता येतं. ६० हा कोन. हीच टर्नरची तिरकी लावलेली कंपाउंड स्लाइड. तिथे ०० लिहिलं तर टूल सरळ आत घुसतं, दोन्ही कडांनी एकदम कापतं आणि लांब, बारीक जॉब थरथरतो. ५५ लिहिलं तर मागची कडही किंचित घासत जाते. काही मटेरियलला ते मानवतं. क्यू५० म्हणजे कट पन्नास मायक्रॉनपेक्षा बारीक करू नको, आणि आर०.०२ म्हणजे सफाईसाठी वीस मायक्रॉन ठेव.

सगळ्यात सुंदर भाग मात्र कुठल्याच आकड्यात लिहिलेला नाही. पहिला कट ०.३५, पण दुसरा ०.१४५, तिसरा ०.१११, चौथा ०.०९४, असं कंट्रोल आपणहून ठरवतो. नियम वर्गमुळाचा: चार कटांनंतरची एकूण खोली पहिल्या कटच्या दुप्पट, नऊ कटांनंतर तिप्पट. आट्याची खाच त्रिकोणी असते, खोल जावं तशी टूलची जास्त कड मटेरियलमध्ये बुडते. खोली वर्गमुळाने वाढवली की प्रत्येक कटमध्ये निघणाऱ्या मटेरियलचं क्षेत्रफळ सारखं राहतं आणि टूलवरचा भारही. या हिशेबाने आपल्या बोल्टला सात कट आणि सफाईचा एक. परतीचा वेळ सोडला तर आठही कट मिळून सात सेकंदांच्या आत होतात.

मेट्रिकचा हिशेब इतका सुटसुटीत, पण पुण्याची कामं सगळी मेट्रिक नाहीत. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अर्धा इंची नळाचं फिटिंग घेतलं तर त्यावर कुठेही अर्धा इंच मोजता येत नाही. आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर असतो. अर्धा इंच हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या मापावरून पडलं. इंचाला चौदा आटे, कोन साठऐवजी ५५ अंश. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये सुचवलेला तो कोन आजही घराघरांतल्या प्लंबिंगमध्ये आहे. सीएनसीवर त्याचा पिच १.८१४३ लिहायचा. कुणी आळसाने १.८१ लिहिलं तर दहा आट्यांत त्रेचाळीस मायक्रॉनची चूक साठते. पाइपचा निमुळता आटा असेल तर दुसऱ्या ओळीत आर येतो. उतार सोळास एक. वीस मिलिमीटर लांबीला व्यासात १.२५ आणि त्रिज्येत ०.६२५ फरक. इथे हमखास होणारी चूक अशी, की टूल पाच मिलिमीटर आधी सुटतं हे विसरलं जातं. आर हा पूर्ण पंचवीस मिलिमीटरचा, म्हणजे ०.७८ हवा.

इन्सर्टच्या डबीवरचं नावही वाचण्यासारखं आहे. १६ ईआर १.५ आयएसओ म्हणजे ठरावीक मापाचा, बाहेरच्या आट्यांचा, उजवा, दीड पिचचा. तो आट्याचा माथाही स्वतःच घडवतो. एजी६० हा इन्सर्ट अर्ध्यापासून तीन पिचपर्यंत चालतो, पण त्याचं टोक बारीक पिचसाठी घडवलेलं, आणि माथ्यावरची बर वेगळी काढावी लागते. पाच-पन्नास नगांची फुटकळ ऑर्डर घेणाऱ्या शेडला एजी परवडतो. हजारांत काम करणाऱ्याने पिचचाच इन्सर्ट घ्यावा.

शेवटी निकाल देतं गेज. ६जी या सर्वसाधारण प्रतीत आपल्या वीस मिलिमीटर, दीड पिचच्या बाहेरच्या आट्याचा पिच व्यास १८.९९४ आणि १८.८५४ यांच्यामध्ये हवा, म्हणजे मोकळीक १४० मायक्रॉनची. गो रिंग पूर्ण फिरली पाहिजे, नो-गो दोन फेऱ्यांपलीकडे जाता कामा नये. गो अडली तर जॉब चकमधून काढायचा नाही. काढून पुन्हा पकडला की एन्कोडरच्या खुणेशी त्या आट्याचं नातं तुटतं आणि टूल नवीच खाच पाडतं. वेअर ऑफसेटमध्ये एक्स उणे ०.०३ टाकायचा, त्याच जागेवरून त्याच फेऱ्यांवर तीच सायकल पुन्हा चालवायची, बर झटकायची आणि रिंग पुन्हा लावायची.