जळालं, पण मोडलं नाही : हंगेरीतलं एक गाव



या पानावर आम्ही नेहमी बेणं, लागण आणि खोडव्याबद्दल लिहितो. आज थोडं लांब जाऊ, युरोपातल्या हंगेरी देशात. तिथं ऊस नाही, साखर बीटापासून निघते. पण तिथल्या एका खेड्याची हकिगत आपल्याला जवळची वाटेल.

गावाचं नाव होल्लोको. राजधानी बुडापेस्टच्या ईशान्येला, चेरहाटच्या डोंगरात वसलेलं. वस्ती जेमतेम तीन-चारशे, पालोत्स लोकांची. नावाचा अर्थ ‘डोमकावळ्याचा दगड’. डोमकावळ्यांनी रातोरात दगड वाहून नेले आणि त्यातून किल्ला उभा राहिला, अशी दंतकथा सांगतात. किल्ला मात्र खरा आहे. १२४१-४२ साली मंगोलांची धाड येऊन गेली, त्यानंतर तेराव्या शतकात तो बांधला. वर चढून गेलं की खाली अख्खं गाव, रान आणि डोंगर दिसतात.

गावात पाहायचं काय? मुख्य रस्ता एकच. दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेली पांढरी घरं, पुढं लाकडी खांबांची ओसरी. मध्ये लाकडी मनोऱ्याचं छोटं चर्च. बापाचं घर रस्त्याला, मुलाचं त्याच अरुंद जागेत मागं. वाटण्या झाल्या की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको! शिवारात द्राक्षं, फळझाडं आणि भाजीपाल्याचे लांबट पट्टे. ईस्टरच्या सोमवारी तरणी पोरं मुलींवर बादल्यांनी पाणी ओततात. आपली रंगपंचमीच म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट. जुनी घरं लाकडाची, छपरं गवताची. आग वारंवार लागायची. अठराव्या शतकात सरकारनं जळाऊ सामानाची घरं बांधू नयेत असा हुकूम काढला, पण लोकांनी ऐकलं नाही. अखेर १९०९ साली मोठी आग लागली आणि गाव होरपळलं. लोक गाव सोडून गेले नाहीत. घराची ठेवण तीच ठेवली, पाया दगडाचा केला, गवत जाऊन कौलं आली. १९८७ साली युनेस्कोनं हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एक गोष्ट खटकते, तीही सांगतो. जुन्या घरांपैकी बऱ्याच घरांत आज संग्रहालयं, कारागिरांची दुकानं आणि पाहुण्यांच्या खोल्या आहेत. भिंती राहिल्या, नांदणारी माणसं कमी झाली. गाव जपायचं तर घराइतकीच घरातली पोरंही जपावी लागतात.

आणखी एक. या लोकांची धान्याची कोठारं घरापासून लांब, शेताच्या कडेला असत. आम्ही प्लॉट पाहायला फिरतो तेव्हा कडब्याची गंजी गोठ्याला टेकलेली आणि पाचटाचा ढीग दाराशी, असं अजून दिसतं. मागं एका वस्तीवर अशाच गंजीनं पेट घेतला. दोन म्हशी गेल्या. त्या घरच्या म्हातारीचा चेहरा आम्ही विसरलो नाही.

होल्लोको पाहायला जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही. पण उन्हाळ्याआधी गंजी घरापासून लांब हलवणं सगळ्यांना जमेल. तेवढं जरूर करा.

– ऊस विकास अधिकारी